दोन बदकांचा ब

वेणूला मी शिकवणार, असं मी कारखान्याच्या ऑफिसात बोलून गेलो आणि तिथेच फसलो.

झालं काय, आमचे हेडक्लार्क विष्णुपंत मधल्या सुट्टीत डबा उघडता उघडता म्हणाले, "अंबरनाथच्या बालमंदिरात आता एकच जागा उरलीय म्हणे. पण त्या माई फार कडक हो! आमच्या मधूला परत पाठवलं. म्हणे, मूल अजून कच्चं आहे, पुढच्या वर्षी आणा."

विष्णुपंतांच्या नातवाला जे जमलं नाही ते माझ्या मुलीला जमलं, तर कारखान्यात माझी मान निदान सहा महिने ताठ राहणार होती. "आमची वेणू जाणार तिथं," मी म्हणालो. "महिनाभरात तयार करतो!" (मी स्वतः मॅट्रिकला दोनदा बसलो होतो, हे विष्णुपंतांना माहीत नाही. तुम्हीही बोलू नका.)

वेणू चार वर्षांची. तिला शाळेची भलतीच हौस. पत्र्याची छोटी पेटी आधीच घेऊन झाली होती आणि ती उशाशी असल्याशिवाय बाईसाहेब झोपत नसत. म्हणजे आता माघार नाही.

त्याच संध्याकाळी पाटी घेऊन बसलो. सुरुवात 'ब'पासून केली, कारण मला बदक काढता येतं अशी माझी समजूत होती. पहिलं बदक किटलीसारखं दिसायला लागलं, म्हणून शेजारी दुसरं काढलं. आता दोन किटल्या झाल्या. तरी नेटानं विचारलं, "वेणूबाई, हे काय?"

"ब!" वेणू म्हणाली.

मी उडालोच! पहिल्या दिवशी, पहिल्या फटक्यात! मग रोज तेच. मी दोन बदकं काढायची, तिनं "ब" म्हणायचं आणि मी कुंदाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, हाक मारायची. "ऐकलंस? नुसत्या पोळ्या लाटून मूल शहाणं होत नाही, शिकवावं लागतं!" कुंदा तोंडाला पदर लावून आत जायची. मला वाटे, हिच्या पोटात आनंद मावत नसेल.

बाकी दिवसभर वेणू शेजारच्या हरदेवीबाईंकडे असे. फाळणीनंतर सिंधमधून आलेलं ते कुटुंब. बाई पापड लाटायच्या आणि वेणू ते खाटेवर वाळत घालायची. पापडांपायी पोरीचा वेळ फुकट जातो, अशी माझी तक्रार होती.

अखेर तो दिवस उजाडला. माईंनी आमच्यादेखत एका मुलाला वाटेला लावलं. "अजून कच्चा आहे, पुढच्या वर्षी आणा!" वेणू पेटी घट्ट धरून कान टवकारून ऐकत होती. कोपऱ्यात एक चिमुरडी दाराला धरून भोकाड पसरत होती.

माईंनी वेणूपुढे एक चित्र धरलं. त्यावर एकच बदक होतं. (हुबेहूब बदक. किटलीचा मागमूस नाही.) "हे काय गं, बाळ?"

मी ऐटीत कुंदाकडे पाहिलं.

"हिकु," वेणू म्हणाली.

"उचकी लागलीय तिला," मी घाईघाईनं म्हणालो.

माईंनी दोन मणी ठेवले. "हे किती?"

"ब."

"अक्षर नाही विचारलं. किती?"

"ब!"

माईंनी तिसरा मणी ठेवला. "आणि आता?"

"टी."

माईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "घरी मुलीला चहा फार देता का हो?"

संपलं! मला समोर विष्णुपंत दिसायला लागले. माई 'अजून कच्चं' म्हणणार, तेवढ्यात कोपऱ्यातलं रडणं थांबलं. ती चिमुरडी धावत आली, चौथा मणी सरकवून "चारि!" म्हणाली, वेणूनं पाचवा सरकवला, "पंज!" आणि दोघी खिदळत थेट दहापर्यंत गेल्या.

"अहो," कुंदा कुजबुजली, "हरदेवीबाई पापड असेच मोजतात. सिंधीत एकाला हिकु, दोनाला ब आणि तिनाला टी म्हणतात."

"मग महिनाभर बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतके खूश होता, म्हटलं कशाला विरजण घाला!"

माई खुर्चीतून उठल्याच. "आठ दिवस ही पोर रडतेय. माझं तिला कळत नाही, तिचं मला कळत नाही. अशा आणखी चौघी आहेत, उल्हासनगरच्या कँपातल्या. तुमच्या वेणूला उद्यापासून पाठवा!"

खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"घरी तयारी कोणी करून घेतली?" माईंनी विचारलं.

"मी!" (जीभ कुणाच्या ताब्यात असते?)

"वा! मग शनिवारी सिंधी पालकांची सभा आहे. तुम्हीच त्यांना त्यांच्या भाषेत चार शब्द सांगा."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले. विष्णुपंतांनी दोन खाल्ले, तेही न बोलता. तेवढा विजय मी जन्मभर पुरवून खाईन.

पण संध्याकाळी मला पाटावर बसवण्यात आलं. समोर फूटपट्टी घेऊन वेणू. तिनं दोन पापड मांडले. "किती?"

मी खूप आठवलं. डोकं खाजवलं. "टी?"

वेणूनं सुस्कारा सोडला, पापड उचलले आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडली, "आई, हे अजून कच्चे आहेत. पुढच्या वर्षी आणा!"