तलवारीच्या मापाचा ओटा

मंडळी, घराचं काम काढलं की भलेभले मेस्त्रीच्या तावडीत सापडतात. आमची गोष्ट वेगळी. आमचे पूर्वज मैसूरच्या फौजेतले, त्यामुळे मोहीम कशी आखावी हे या नागोजीरावाला कुणी शिकवायला नको!

मोहीम स्वयंपाकघराची होती. आमच्या भागीरथीच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. वाकायचं नाही, खाली बसायचं नाही, कशावर चढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. ती दीड महिना लेकीकडे, हुणसूरला राहायला गेली. जाताना म्हणाली, "सरळ उभं राहून एकदा माझ्या हातानं कॉफी करता आली ना, पुरे बघा." आमचा ओटा जुन्या काळातला, मांडीएवढा. चाळीस वर्षं ती त्याच्यापुढे वाकली. मदतीची मलाही फार इच्छा असे, पण मी सहा फुटी. ओट्याशी वाकलो की पाठ धरायची. काय करणार?

तेव्हा ती परत यायच्या आत नवा ओटा घालून तिला चकित करायचं ठरवलं.

वेंकटेश मेस्त्रीनं पहिल्याच दिवशी विचारलं, "सार, अम्मांच्या कोपराची उंची किती? ओटा त्याच्या चार बोटं खाली पाहिजे."

एवढ्या वर्षांच्या संसारात हे माप कधी लागलंच नव्हतं. फोन करून विचारावं, तर गुपित फुटणार. मग मला गेल्या आयुधपूजेचा फोटो आठवला. दरवर्षी आम्ही पणजोबांची तलवार म्यानासकट भिंतीशी उभी करून पुजतो. वर पणजोबांची तसबीर. तिला हार घालून भागीरथी तलवारीशेजारी उभी आहे, आणि तलवारीची मूठ तिच्या कोपराच्या बरोबर चार बोटं खाली!

मी ट्रंकेतून तलवार काढली आणि मेस्त्रीपुढे उभी केली. "एवढा ओटा."

"स्वल्प जास्ती वाटतंय, सार."

"तुमच्या टेपला किती वर्षं झाली? ही दीडशे वर्षांची आहे."

मेस्त्रीनं मुठीच्या उंचीवर भिंतीला खूण केली. काळा ग्रॅनाइट बसला, खाली ओढायचे कप्पे झाले. मी रोज हात फिरवून बघत होतो.

भागीरथी आली. वॉकर टेकत स्वयंपाकघरात शिरली. डोळे भरून आले तिचे, खोटं नाही सांगत. मग ती ओट्याशी गेली. ओटा तिच्या छातीला लागला. पातेल्यात काय आहे ते बघायला तिनं मान उंचावली.

"अहो, हे माप कुठनं आणलात?"

मी फोटो दाखवला. तिनं तो निरखून पाहिला.

"अय्यो देवा! तसबिरीला हात पोचत नाही म्हणून स्टूलावर चढले होते हो मी. तुम्ही पाय कापून फोटो काढलात."

फोटो खरंच गुडघ्यापर्यंतच होता. मी चाळीस वर्षांनी तिच्यासाठी एक गोष्ट केली, आणि तीही तिच्या उपयोगाची नाही. फार वाईट वाटलं. दाराशी उभा असलेला मेस्त्री हातोडा आणायला निघाला.

"बेड, बेड, नको वेंकटेश, थांब," भागीरथी म्हणाली. "अहो, तुम्ही उभे राहा बघू तिथं."

राहिलो. ओटा माझ्या कोपराच्या बरोबर चार बोटं खाली आला.

"पाठ दुखती?"

"नाही," मी म्हणालो. आणि म्हणताक्षणीच कळलं, चाळीस वर्षांची सबब गेली.

तिनं खुर्ची मागवली आणि ऐसपैस बसली. "दूध ठेवा. माझी कॉफी मी टेबलावर ओतून घेते. सांबाराचं मग सांगते."

आता ती टेबलाशी बसून भाजी चिरते, हुकूम सोडते आणि गुडघे दुखत नाहीत म्हणते. माझ्या सांबाराला कालच पहिल्यांदा "बरं आहे" मिळालं. यंदा आयुधपूजेला तलवारीशेजारी माझा सांबार ढवळायचा डाव ठेवायचा, असं तिनं ठरवलंय. फोटो काढायचं काम मात्र मेस्त्रीला दिलंय. पायांसकट.