टलिव्हर नाही म्हणतो

दोन वाजायला दहा मिनिटं असताना मार्विन ऑस्ट्रँडरला आपली चूक कळली. टोलेडोच्या बास्केटबॉल संघात खेळाडूंचे करार तोच बघायचा. लीगचं सहाशे पानी नियमपुस्तक त्याला तोंडपाठ होतं, आणि हे तो भेटेल त्याला ऐकवायचा.

फेब्रुवारीतल्या त्या गुरुवारी तीनच्या ठोक्याला खेळाडूंच्या अदलाबदलीचं दार बंद होणार होतं. टोलेडोला फ्रेस्नो संघाचा सेंटर, म्हणजे बास्केटखाली खेळणारा सात फुटी गडी, मिळत होता. दोन्हीकडचे पगार जुळायला हवेत, असा नियम. टोलेडोकडून थोडं कमी पडत होतं, म्हणून मार्विननेच डेझमंड टलिव्हरचं नाव वर टाकलं होतं, भाजीवर कोथिंबीर टाकावी तसं. टलिव्हर छत्तीस वर्षांचा, अख्ख्या हंगामात अकरा मिनिटं खेळलेला.

"मॅडम, जरा घोळ झालाय," तो मॅनेजर रोझ कोवाल्चिकला म्हणाला. "टलिव्हरचा सलग दुसरा एकेका वर्षाचा करार आहे. अशा माणसाला त्याच्या होकाराशिवाय पाठवता येत नाही."

"एकेका वर्षाचा करार करायची अक्कल कुणाची?"

"माझीच," मार्विन बुटांकडे बघत म्हणाला.

"तीनपर्यंत होकार आण. नाहीतर तू आणि तुझी सहाशे पानं, दोघंही घरी."

टलिव्हर फोन उचलेना. मार्विन बर्फातून गाडी हाणत त्याच्या घरी पोचला, तर हा बाबा वॉशिंग मशीनमागे आडवा. मेकॅनिक बारा ते चारच्या दरम्यान कधीही येणार होता, म्हणून त्याने सकाळपासून घर सोडलं नव्हतं.

"फ्रेस्नो? छे!" टलिव्हर आतूनच म्हणाला.

"अरे, तिथे ऊन आहे, संत्री आहेत!"

"तिथले चार जण जायबंदी आहेत, मार्विन. तिथे मला खेळवतील!"

"खेळाडू आहेस ना तू?"

"गुडघे बघ माझे आणि मग बोल."

मार्विनने हात जोडले, बायकोची आणि घराच्या हप्त्यांची आठवण करून दिली, मशीन ओढायला मदतसुद्धा केली. तीन वाजले. पाच मिनिटांनी मेकॅनिक आला आणि दहा मिनिटांनी मार्विनची नोकरी गेली.

दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा आला: 'टोलेडो सोडणार नाही!' गुडघ्यांची भानगड कुणाला ठाऊक नव्हती. लोकांना गहिवरून आलं. टलिव्हर नुसता बाकावरून उठला तरी टाळ्या पडायला लागल्या.

जुलैत त्याचा करार संपला आणि तो कुठेही जायला मोकळा झाला. संघाच्या मालकांनी रोझला बजावलं, "हा माणूस गेला तर लोक आपल्याला फाडून खातील. काय मागेल ते दे."

टेबलापलीकडे टलिव्हर बसला होता, आणि त्याच्या शेजारी त्याचा नवा सल्लागार, नवीन टाय लावून.

"एका वर्षाचं बोलूच नका," मार्विन ऐटीत म्हणाला. पाच महिने घरी बसल्याचा सगळा राग त्याच्या आवाजात उतरला होता. "तीन वर्षं. पगार दुप्पट."

रोझने कपाळाला आठी घातली, उसासा टाकला आणि सही केली. मार्विनचा आनंद गगनात मावेना. त्या रात्री बायकोला घेऊन तो बाहेर जेवला.

डिसेंबरच्या सोळा तारखेला रोझचा फोन आला.

"मार्विन, तू गेल्यावर ते पुस्तक मलाच वाचावं लागलं रे. नकाराचा हक्क फक्त एका वर्षाच्या करारालाच असतो ना? तीन वर्षांच्या कराराला नाही. आणि नव्या कराराच्या खेळाडूला पंधरा डिसेंबरनंतर पाठवता येतं. बरोबर वाचलंय ना मी?"

"बरोबर," मार्विन कसाबसा म्हणाला.

"सेंटर उद्या येतोय, त्याला बघून लोक टलिव्हरला विसरतील. फेब्रुवारीत पगार कमी पडत होता, आता अगदी चोख जुळला. तुझ्यामुळेच. थँक्यू हं!"

आठवडाभराने फ्रेस्नोहून टलिव्हरचा फोन आला. त्याला नीट बोलताही येत नव्हतं, इतका दम लागला होता.

"एकतीस मिनिटं, मार्विन! एकतीस मिनिटं खेळवलं रे मला!"

"बरं वाटलं का थोडं?"

"तुला काढलंय," टलिव्हर म्हणाला आणि गुडघ्यांना बर्फ लावायला गेला.