वाक्य पुरं करा, बापूराव

आमच्या कळसच्या शाळेतले साळवे सर पोरांना पळवताना भाजी विचारतात.

चौथीची पोरं पटांगणाला फेऱ्या मारत असतात. सर बाजूनं पळत एकेकाला विचारतात, "काल घरी काय केलं होतं?" पोरानं न थांबता पुरं वाक्य सांगायचं. "काल आईनं शेंगदाण्याची आमटी आणि बाजरीची भाकरी केली होती." एवढं एका दमात आलं, तर चाल बरोबर. मधेच धाप लागली, की सर म्हणणार, "वाक्य तुटलं! हळू. पहिल्याच फेरीत दम उधळला, तर शेवटच्या फेरीला काय उरंल?" गळ्यातली शिट्टी त्यांनी वाजवलेली मी कधी ऐकली नाही.

गावातल्या प्रत्येक चुलीवर काय शिजतं, हे सरांना ठाऊक असतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार म्हशीची आहे.

मी जनावरांचा व्यापारी. एका शेळीपासून सुरुवात करून इथवर आलो. पळसदेवच्या एका गिऱ्हाइकाशी तीन दिवस घासाघीस करून म्हैस ठरवली होती. ती न्यायच्या आदल्या दिवशी, भाजी सांगून झाल्यावर, सरांनी माझ्या आरोहीला विचारलं, "आणखी काय?"

पोरगी पळता पळता म्हणाली, "आमची म्हैस धार काढताना लाथ मारते, पण बाबा म्हणाले कुणाला सांगू नको."

वाक्य एकदम पुरं. शेजारी पळत होती त्या गिऱ्हाइकाची भाची. व्यवहार मोडला. सरांनी आरोहीला शाबासकी दिली, ती वेगळीच.

दुसऱ्या दिवशी मी तावातावानं पटांगणावर गेलो. "सर, उद्यापास्नं माझी पोरगी..."

"पळत पळत बोला, बापूराव. हितं थांबून बोलायचं न्हाय."

रागाच्या भरात मीही पळालो. "उद्यापास्नं... माझी पोरगी... पळायला..."

"तुटलं!" सर म्हणाले. पोरं खिदळली. "वाक्य पुरं झालं, की ऐकतो. उद्या या."

मी हार मानणारा माणूस नाही. रोज गेलो. रोज सर म्हणायचे, "हळू, बापूराव. राग पुढं पळतोय, तुमी मागं राहताय." आठव्या दिवशी अख्खी फेरी झाली तरी धाप लागली नाही. पोरगीचं पळणं बंद, हे वाक्य ओठांवर तयार होतं.

तेवढ्यात आरोहीनं विचारलं, "सर, तुमी रोज आमालाच विचारता. तुमच्याकडं काल काय केलं होतं?"

"माझ्याकडं काल..." सर म्हणाले.

"वाक्य तुटलं!" पोरं ओरडली. "सर, हळू पळा!"

सर हसले. उगाच शिट्टी चाचपली. त्यांची मंडळी वारून वर्ष झालं. मुलगा बारामतीच्या एमआयडीसीत कामाला, येतो रविवारचा. गावाला हे सगळं माहीत होतं. पण सरांच्या चुलीची चौकशी कुणी केली नव्हती.

"तुमचं वाक्य राहिलं, बापूराव," सर म्हणाले. "आज दम बरा हाय तुमचा."

"उद्यापास्नं माझी पोरगी पळायला येताना तुमचा डबा आणंल," मी एका दमात म्हणालो.

परवा पोरांनी पुन्हा विचारलं. सर ऐटीत पळत म्हणाले, "काल बापूरावांच्या घरचं भरलं वांगं होतं, फक्त मीठ जरा कमी होतं."

वाक्य पुरं होतं. मीठही बरोबर होतं. तो वाद मी म्हशीशेजारी बांधून ठेवलाय.