शंकानवीस सुभानजीपंतांचा हात न उठल्याची हकीकत

पडद्यावर उजेड आणि सभेत अंधार करणाऱ्या देवतेस नमन असो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, माघ शुद्ध पंचमीस म्हाळसाबाईसाहेब दिग्दर्शक आपला रहस्यपट घेऊन राजधानीस दाखल जाहल्या. त्या राज्याचा रिवाज ऐसा की, नवा चित्रपट प्रथम दरबारात लागावा आणि कथेत न जुळणारे दिसताच शंकानवीसांनी तत्क्षणी हात वर करावा, मग खेळ थांबावा, आणि तीन शंकांस उत्तर न मिळाल्यास चित्रपट पेटीबंद व्हावा. शंका दिसूनही हात न उठला, तर शंकानवीसांची पगडी उतरावी. सुभानजीपंत अकरा वर्षे या पदावर, हात एकदाही चुकला नव्हता.

मग खेळ सुरू जाहला. पडद्यावर एक डॉक्टरीणबाई एकटी राहात असे, आणि रोज दुपारी एक अनोळखी गृहस्थ येऊन समोरच्या खुर्चीत बसे, बोलत काहीच नसे, केवळ पाही, आणि बाईस वाटू लागले की याचे मूल आपल्याच हातून दगावले. तिने आतून कुलूप घालून किल्ली विहिरीत टाकिली, तरी दुसरे दिवशी गृहस्थ खुर्चीत हजर! पंत मनी म्हणाले, आत आला कुठून? परंतु कॅमेरा खुर्चीभोवती ऐसा सावकाश फिरला की पंतांचा श्वास छातीत राहिला आणि हात मांडीवर. मग तार तोडलेला फोन वाजला आणि पंत शेजारच्या दिवाणजींस बिलगले. दिवाणजी कण्हले, "पंत, नखे काढा हो, रक्त निघेल!" शेवटी त्या गृहस्थाचा कोठेही न सांगितलेला जुळा भाऊ निघाला, आणि तीही शंका बिनहरकत निघून गेली.

दिवे लागले. महाराजांनी पुसिले, "पंत, शंका किती?" दिवाणजी कानी लागले, "एकही नाही म्हणा, पगडी वाचेल." पंत उठून उभे राहिले.

"तीन, महाराज. तिन्ही पक्क्या."

"मग हात?"

"उचलीत होतो महाराज, या दिग्दर्शकबाईंनी उचलू दिला नाही."

म्हाळसाबाई हसल्या. "चार आहेत, पंत. चौथी तुम्हांस दिसलीच नाही."

पंतांनी पगडी उतरविली, महाराजांपुढे ठेविली आणि बोडक्या डोक्याने विचारले, "चौथी कोणती?"

"पुन्हा पाहा."

तात्पर्य, हात न उठल्याने चित्रपट राज्यात मोकळा जाहला. कथा जागोजागी फाटकी, दिग्दर्शन ऐसे की फाटलेले समोर असता नजर ठरू नये. पंत सात वेळा पाहून आले. चौथी शंका अद्याप सापडली नाही.