साहेबांचा पाय शिरवण्याचा

तीन गावांना एका पंगतीला बसवायचं कसं, हे कुणाला शिकायचं असेल त्याने सरळ माझ्याकडे यावं! भल्याभल्यांनी जिथे हात टेकले, तिथे मी एका दुपारी काम फत्ते केलं. पुढे काय झालं ते सोडा. म्हणजे सोडू नका, तेच तर सांगायचंय.

साल बासष्ट-त्रेसष्टचं. करावे, नेरूळ आणि शिरवणे या तीन गावांचा मी ग्रामसेवक. गावं एकमेकांच्या इतकी जवळ, की एका गावात सुकट भाजली तर दुसऱ्या गावातली मांजरं उठून बसायची. पण भांडणं? खाडीत डोलीचं जाळं कुणी कुठे लावायचं यावरून भांडण, कोंडवाड्यातल्या गुरांवरून भांडण, आणि काहीच नसलं तर मागच्या वर्षीच्या भांडणावरून भांडण!

अशातच जिल्ह्याहून हुकूम आला. गावोगावी डॉक्टर देणं काही जमणार नाही, पण गावातल्याच माणसांना मलमपट्टी शिकवून तयार करू. तीन गावांनी मिळून वर्ग चालवायचा, प्रत्येक गावाने एक उमेदवार द्यायचा. शेवटी ठाण्याचे डॉक्टरसाहेब येऊन परीक्षा घेणार. पास झाले तर वर्ग कायमचा, औषधांची पेटी कायमची, उमेदवार गावात कामावर. नाही जमलं तर पेटी उचलून दुसऱ्या तालुक्यात.

कराव्याची उमेदवार होती कमळी, धर्मा तांडेलाची मुलगी. मासळीची पाटी घेऊन उन्हातान्हात फिरणारी. तिच्या भावाला, गणूला, आदल्या वर्षी चिखलात कालवाची शिंप लागली होती. कालव खडकाला चिकटून बसतं आणि त्याची शिंप वस्तऱ्यासारखी कापते. पट्टी बांधायला गावात कुणी नव्हतं, ओहोटीमुळे होडी निघाली नाही, जखम चिघळली, गणूच्या पायाची बोटं गेली आणि हातात काठी आली. तेव्हापासून कमळीने मनाशी धरलं होतं, की हे शिकायचंच. धर्मा मात्र म्हणाला होता, "वर्ग टिकला तर शिक. नाय टिकला तर पाटी हायच आन् लगीन पन हाय."

नेरूळचा होता पंढरी. वल्ही मारून मारून दंड असे झालेले, की त्याने बांधलेली गाठ सोडवायला सुतार लागावा. आणि शिरवण्याची चंदा. हात चलाख, तोंड त्याहून चलाख.

नेरूळच्या शाळेत शिकवायला ठाण्याहून दर रविवारी सुमित्राबाई नर्स यायच्या. छान शिकवायच्या. त्या परत गेल्या, की खरी गंमत सुरू व्हायची. सरावासाठी पेटी एक, कात्री एक आणि पेशंटही एकच! तो म्हणजे गणू. चहा मिळतो म्हणून बिचारा बाकावर आडवा पडायचा. लगेच पंढरी एक हात ओढायचा, चंदा पाय ओढायची, कमळी डोकं धरायची. गणू म्हणायचा, "आरे, मी मानूस हाय का वडायचं जालं?"

मागोमाग तिन्ही गावचे म्हातारे भांडायला हजर. आधी कुणाचा नंबर? कात्री कुणाच्या हातात जास्त वेळ राहिली? वर्ग मोडायच्या बेताला आला. आणि तेव्हा माझ्या डोक्यात वीज चमकली!

मासळीचे वाटे तुम्ही पाहिलेत का? आलेल्या मासळीचे सारखे ढीग करतात. एकजण पाठ फिरवून उभा राहतो. दुसरा एका ढिगावर बोट ठेवून विचारतो, "हा कुणाचा?" पाठमोरा माणूस नाव पुकारतो. ज्याचं नाव निघालं, त्याचा तो वाटा. एकदा पुकारलं की पुकारलं! शेजाऱ्याच्या वाट्याला पापलेट गेलं आणि आपल्याला नुसती मांदेली आली, तरी ब्र काढायचा नाही.

मी शाळेच्या फरशीवर खडूने माणूस काढला. त्याचे तीन वाटे पाडले. गणूला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि खडूच्या माणसाच्या डोक्यावर छडी ठेवून विचारलं, "हा कुणाचा?"

"कराव्याचा!"

"हा?" मी छडी छातीवर आणि हातांवर फिरवली.

"नेरूळचा!"

उरले पाय. ते शिरवण्याचे.

कमळीचा चेहरा पडलेला मला दिसला. पायासाठीच तर ती शिकायला आली होती. पण वाट्यापुढे कोण बोलणार? तिने मुकाट्याने डोकं घेतलं.

थोडी कुरबूर झाली, नाही असं नाही. बेंबी कुणाच्या हद्दीत, यावर नेरूळ आणि शिरवणे अडून बसले. मी बेंबीलाच शीव ठरवलं. पाठ कुणालाच दिसत नसल्याने तिला सामाईक गायरान करून टाकलं. मग मात्र सगळे खूश! जो तो आपापला वाटा घोटायला लागला. सुमित्राबाईंना यातलं काही सांगितलं नाही. त्या माऊलीला उगाच कशाला त्रास!

मी तर हवेतच होतो. सहकार सहकार म्हणून सगळीकडे भाषणं चालली होती, आणि इथे मी अख्ख्या मानवी देहाचा सहकार करून दाखवला होता.

परीक्षेचा दिवस उजाडला. जिल्ह्याची जीप नेहमीप्रमाणे आजारी असल्याने साहेब खाडीतून मचव्याने कराव्याला उतरणार होते. दहाची वेळ. धर्माने मला दोनदा बजावलं, "भाऊसाहेब, दहाला सुकी हाय, पानी वसरलेलं. मचवा चिखलात बसंल."

"धर्माजी, वेळ जिल्ह्याने ठरवलेली आहे!" मी म्हणालो. खाडीला जणू मी परिपत्रकच पाठवलं होतं!

स्वागताची आखणीही मीच केली. कमळी, पंढरी आणि गणू माझ्याबरोबर धक्क्यावर, चंदा नेरूळच्या शाळेत हार आणि पेटी सांभाळत. पट्ट्या-औषधाची एक पिशवी मात्र कमळीने काखोटीला मारली होती.

धर्मा म्हणाला तेच झालं. मचवा धक्क्यापासून लांब चिखलात रुतला. साहेब उमदे गृहस्थ! त्यांनी बूट हातात घेतले, पाटलोण गुडघ्यापर्यंत दुमडली आणि उतरले. "काही नाही हो, येतो मी!" असं म्हणत दोन पावलं टाकली आणि तिसऱ्याला धपकन आपटले! कपाळ मचव्याच्या काठावर, मनगटं चिखलात, पाठ गायरानावर!

धर्माने आणि पंढरीने त्यांना उचलून धक्क्यावर आणलं. चिखलाने असे माखले होते, की साहेब कुठला आणि चिखल कुठला हे कळेना. कमळीने कपाळाची खोक पाहिली आणि क्षणात कामाला लागली. जखम पुसली, औषध लावलं, सुबक पट्टी बांधली. माझी छाती फुगली.

"शाब्बास!" साहेब म्हणाले. "आता माझी मनगटं जरा..."

पंढरी याचीच वाट बघत होता. त्याने पट्टीची झोळी करून एक हात गळ्यात टांगला आणि लगेच दुसराही!

"अरे, हा बरा आहे! सोड!"

"दोनी हात नेरूळचेच हायेत साहेब. हलू नका, परीक्षा चालू हाय."

साहेब हलले. चांगलेच हलले. त्या झटापटीत कपाळावरची पट्टी घसरून दोन्ही डोळ्यांवर आली. आणि ठाणे जिल्ह्याचे डॉक्टर आमच्या धक्क्यावर आंधळ्या कोशिंबिरीतल्या भिडूसारखे बसले.

तेवढ्यात गणूने त्यांच्या पायांवर पाण्याची कळशी ओतली. चिखल वाहून गेला, आणि पाठोपाठ लाल पाणी वाहायला लागलं. तळव्याला कालवाची शिंप लागली होती. चांगली खोल!

"पाय!" साहेब ओरडले. "पायातून रक्त जातंय का? अरे, दाबून धरा! वर उचला!"

कुणी हलेना. पंढरी तर दोन पावलं मागे सरकला.

"साहेब, पाय शिरवन्याचा हाय," तो म्हणाला.

"माझा पाय शिरवण्याचा? अरे, मी ठाण्याचा आहे!"

"तुमी ठान्याचे," धर्माने समजूत घातली, "पन पाय शिरवन्याचा. त्यांच्या वाट्याला आमी कसा हात लावनार? चंदाला बलावनं धाडू."

"भाऊसाहेब!" साहेबांनी आवाजाच्या अंदाजाने तोंड माझ्याकडे फिरवलं. "ही वेड्यांची जत्रा आहे का?"

मी पडलो कागदाचा माणूस. रक्त पाहिलं की मी तोंड फिरवतो. शिवाय देहाच्या वाटणीत मला वाटाच नव्हता! कमळीने शिरवण्याचा पाय धरला, तर शिरवणेकर वर्ग सोडून चालते होणार. न धरला, तर साहेबांचं रक्त जाणार आणि वर्गही जाणार.

कमळी त्या पायाकडे बघत होती. मग तिने गणूच्या पायाकडे पाहिलं.

"भाऊसाहेब, लावू हात?"

"कमळे, वाटा पुकारलाय गं..." मी पुटपुटलो.

"माज्या भावाचा पाय असाच वाट बगत बसलेला," ती म्हणाली. "तवा सुकी होती. आज पन सुकीच हाय. आता वाटा गेला खाडीत!"

तिने बसकण मारली, साहेबांचा पाय आपल्या मांडीवर उचलून घेतला आणि घडी केलेलं कापड जखमेवर गच्च दाबून धरलं. आणि नेमकी त्याच वेळी बांधावरून चंदा येताना दिसली! मागे निम्मं शिरवणे! "आमाला शालेत बसवून साहेबाला तुमीच गिलता काय?" असं म्हणत ती आधीच निघाली होती. धक्क्यावर येऊन बघते तो काय, तिचा वाटा कमळीच्या मांडीवर!

झालं, मी मनात म्हटलं. आता साहेबांचा पाय राहील बाजूला आणि डोकी फुटतील. डोकी कराव्याची, म्हणजे ती कमळीलाच बांधावी लागतील!

चंदा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. रक्त पाहिलं. गणूकडे पाहिलं. त्याच्या पायाच्या बोटांची गोष्ट तिलाही ठाऊक होती.

"दाब सोडू नको गो बाय," ती खाली बसत म्हणाली. "तशीच धर. मी गुंडालते."

एकीने धरलं, दुसरीने गुंडाळलं. पंढरीही लाजत पुढे आला आणि त्याने पाठीमागून साहेबांना टेकू दिला. रक्त थांबलं! मला रडू येईल असं वाटलं, आणि आलंच.

साहेबांनी पाय हलवून अंदाज घेतला. "दाब बरोबर. उंची बरोबर. पट्टी सैल नाही, घट्ट नाही. कुणी बांधली? कुठल्या गावची?"

चंदा म्हणाली, "आता गाव कशाला इचारता साहेब? पाय तुमचा, पट्टी तिनी गावांची."

मग साहेबांना वाटणीची सगळी हकीकत सांगावी लागली. शीव, गायरान, सगळी! ऐकता ऐकता त्यांचे झोळीतले हात गदगदा हलायला लागले. मला वाटलं झटका आला. पण साहेब हसत होते! पोट धरायला हात मोकळे नव्हते, म्हणून नुसतेच डुलत होते.

"वर्ग मंजूर," ते म्हणाले. "कायमचा. आणि ही तिघंही पास!"

कमळीने तोंडावर पदर घेतला. हसत होती की रडत होती कळेना. धर्माने हळूच म्हटलं, "पाटी आता तुज्या आयशीला देतो." गणूने काठी हवेत उडवली, मग तिच्याविना उभं राहता येत नाही हे आठवून पंढरीच्या गळ्यात पडला.

"पण एक अट!" साहेब म्हणाले. "यापुढे शरीराचे वाटे पाडायचे नाहीत. प्रत्येकाने सरावाला अख्खा माणूस घ्यायचा, डोक्यापासून पायापर्यंत. गणूला आता पुरे झालं. नवा माणूस मी ठरवतो. मला सांगा, ही वाटणीची अक्कल कुणाची?"

साहेबांच्या डोळ्यांवर अजून पट्टीच. म्हणजे पाठमोऱ्या माणसासारखंच की! फरक एवढाच, की आज विचारणारा आंधळा होता आणि पुकारणारे डोळस. करावे, नेरूळ आणि शिरवणे, तिन्ही गावं जन्मात पहिल्यांदा एका सुरात ओरडली, "भाऊसाहेबांची!"

तेव्हापासून दर रविवारी सकाळी नेरूळच्या शाळेत बाकावर मी आडवा असतो. पंढरीच्या गाठी सोडवता सोडवता सोमवार उजाडतो. तक्रार कुणाकडे करू? एकदा पुकारलेला वाटा बदलत नाही, हे तुम्हाला मी वर सांगितलंच आहे!