स्फटिकाला हवा एकांत

लोसालिनीच्या खिडकीतल्या त्या इवल्याशा बाटलीला हात लावायचा नाही, हे फिजीतल्या सुवाच्या विद्यापीठात, रसायनशास्त्र विभागात सगळ्यांना पाठ होतं. तरीही येणारा-जाणारा ती उचलून बघतच होता.

बाटलीत हिरवं द्रावण होतं. शिफ बेस नावाच्या पिवळ्या रेणूने तांब्याला मिठी मारली की हा हिरवा पदार्थ तयार होतो. काचेच्या ताटलीतल्या कर्करोगाच्या निम्म्याहून जास्त पेशी त्याने मारल्या होत्या. पण ती मिठी नेमकी कशी असते, हे दाखवल्याशिवाय लोसाचा प्रबंध पुढे सरकणार नव्हता. त्यासाठी हवा होता एक स्वच्छ स्फटिक. तो घेऊन तिच्या मार्गदर्शक डॉ. नायकर मंगळवारी ऑकलंडच्या क्ष-किरण यंत्राकडे उडणार होत्या. ही खेप हुकली की यंत्र थेट पुढच्या वर्षी मिळणार. स्फटिकाचं मात्र एकच मागणं असतं: मला हलवू नका.

“मी फक्त उजेडात धरली,” शेजारच्या प्रयोगशाळेतला आपिसाई म्हणाला.

“सकाळीपण धरली होतीस!”

“सकाळी नायकर मॅडमनी धरली होती. मी नुसता बघत होतो.”

“काळजीपोटी बघते गं मी,” डॉ. नायकर म्हणाल्या आणि बोलता बोलता त्यांनी बाटली पुन्हा उचलली. तळाशी होता तो नुसता हिरवा गाळ.

लोसाने ‘हात लावू नये’ अशी मोठी पाटी लावली. त्यामुळे ज्यांना बाटलीचा पत्ता नव्हता, तेही खालच्या मजल्यावरून बघायला आले.

गुरुवारी तिने चिडून नवी बाटली लावायला घेतली. शिफ बेससाठी लागणारं, कडू बदामासारख्या वासाचं सॅलिसिलाल्डिहाइड ओतत असताना मागून आपिसाई म्हणाला, “झाला का गं स्फटिक?” ती दचकली आणि थोडं तिच्या सुलूवर, कमरेला गुंडाळलेल्या लुंगीवर, सांडलं. नवी बाटली कशीबशी खिडकीत ठेवून, सुलू साबणाने चोळून ती जेवण आणायला खाली धावली.

दाराशी पहारेकरी सेमिसीमामा बसले होते. सुरक्षेच्या शिबिरात शेवटपर्यंत जागे राहिलेले ते एकटेच. कडू बदामाचा वास म्हणजे सायनाइड, आधी घंटा, मग प्रश्न, एवढं त्यांच्या पक्कं ध्यानात होतं. लोसा समोरून गेली, मामांनी नाक वर करून हुंगलं आणि घंटा दाबली.

सगळी इमारत झाडाखाली जमली. अग्निशमन दल आलं.

“साहेब, वास माझ्या सुलूचा आहे. सायनाइड नाही हो ते, हुंगून बघा!” लोसा म्हणाली.

अधिकारी दोन पावलं मागे सरकला. “बाई, हुंगायचं नाही हेच तर शिकवलंय आम्हाला. सुलू बदला. आणि हवा तपासल्याशिवाय दार उघडणार नाही. तपासणारा लाउतोकाला गेलाय, सोमवारी येईल.”

लोसा गवतावर मटकन बसली. “माझी बाटली आत आहे!”

“मी खिडकीतून चढून जरा बघून येऊ?” आपिसाईने विचारलं.

“तू तर बसच!”

कुणीतरी यांगोना कालवली, मुळांच्या भुकटीचं ते फिजीचं कडवट पेय. सेमिसीमामा करवंटी भरून तिच्याजवळ आले. “पोरी, वाटोळं केलं मी तुझं.”

“तुम्ही तुमचं काम केलंत, मामा,” ती म्हणाली, आणि रिवाजाप्रमाणे टाळी वाजवून तिने करवंटी रिकामी केली. घशाखाली मात्र ती नेहमीपेक्षा कडू उतरली.

सोमवारी दार उघडलं. लोसा सगळ्यांच्या आधी जिना चढली. नव्या बाटलीच्या तळाशी हिरवेगार, धारदार कडांचे स्फटिक चमकत होते. मागून आलेले सगळे दारातच थबकले. पहिल्यांदाच प्रत्येकाचे हात पाठीमागे होते.

“काय केलंस गं तू?” डॉ. नायकरांनी कुजबुजत विचारलं.

“काहीच नाही, मॅडम. कुणीच काही केलं नाही.”

ऑकलंडहून मिठीचं चित्र सुरेख आलं. प्रबंधातल्या आभारांत डॉ. नायकरांच्या खालोखाल सेमिसीमामांचं नाव बसलं.

महिन्याभराने लोसाने त्यांच्या टेबलावर कसाव्याच्या गोड वडीचा मोठा तुकडा ठेवला. “मामा, आज नवी बाटली लावलीय. या वेळी निकेलची.”

मामांनी जिन्याकडे पाहिलं. आपिसाई दोन-दोन पायऱ्या गाळत वर चालला होता. त्यांनी वडी तोंडात टाकली, सावकाश नाक वर केलं आणि विचारलं,

“किती दिवसांचा वास हवाय, पोरी?”