समजा, बदली झाली

चौधरींना चहा हवा का, असं विचारायची सोय नाही. "समजा, आत्ता घेतला," ते डोळे मिटून म्हणतात, "तर संध्याकाळचा नको होईल. समजा, नाही घेतला, तर मीटिंगमध्ये डोळा लागेल. आणि समजा, अर्धाच घेतला..." तोवर चहावाला भैया पुढच्या टेबलावर पोचलेला असतो.

पंपाच्या मोटारी बनवणारा आमचा कारखाना जयपूरला विश्वकर्मा इंडस्ट्रियल एरियात आहे. मी सांगलीची, खरेदी बघते. चौधरी भुसावळकडचे, पण आडनावामुळे अख्खं जयपूर त्यांना इथलंच धरून चालतं. "कौनसे गाँव के हो, चौधरीजी?" असं कुणी विचारलं की हा गृहस्थ मनापासून भुसावळपर्यंतचा रस्ता समजावून सांगतो.

त्यांचं काम म्हणजे कारखाना कॉम्प्युटरमध्ये चालवून बघणं. ऑर्डर दुप्पट झाली तर? मशीन बंद पडलं तर? खऱ्यात व्हायच्या आधी खोट्यात करून बघायचं आणि साहेबांना सल्ला द्यायचा. त्याला म्हणे सिम्युलेशन म्हणतात. निकाल भिंतीवरच्या स्क्रीनवर लाल-हिरव्या रंगात येतो. आमचे मॅनेजर माथुरजी फक्त रंग बघतात.

ही खोड ऑफिसात राहील तर शपथ. गणपतीत इथल्या मराठी मंडळाच्या जेवणाची रांगसुद्धा त्यांनी कॉम्प्युटरवर बसवली. जिलेबी शेवटी ठेवा, गर्दी होणार नाही, असं उत्तर आलं. लोक आले ते थेट जिलेबीवर. चौधरी हातात डाव धरून म्हणाले, "माणसं रांगेत उभी राहतील असं धरलं होतं, ताई. चुकलंच." मी हसून हसून बेजार.

गेल्या वर्षी मात्र हसायचं काम नव्हतं. मोटारींत तारेचे वेढे भरायचा आमचा विभाग जळगावच्या कारखान्यात हलवायचा का, हे ठरायचं होतं. त्यात काम करणाऱ्या बहुतेक बायका इथल्याच, शेजारच्या झोटवाड्याच्या. विभाग गेला की त्यांची नोकरी गेली. आणि तो गेला तर चालवायला चौधरीच जाणार, हे माथुरजींनी सांगून टाकलेलं. चौधरींची माय गावाला एकटी असते, जयपूरला यायचं नावच काढत नाही. बदलीसाठी अर्ज करकरून हा माणूस थकला होता.

पहिल्या फेरीत उत्तर आलं, हलवा. माथुरजींनी पेढे मागितले. चौधरी मात्र उठले आणि त्या बायकांत जाऊन बसले. नव्या बाईचा हात बसायला किती वेळ लागतो, असं त्यांनी विचारलं.

"अरे, साल लग जाता है, चौधरीजी," एकीने सांगितलं.

नव्या हातांनी वाया जाणारी तार, जळून परत येणाऱ्या मोटारी, सगळं त्यांनी हिशेबात घातलं. स्क्रीन लाल झाली. माथुरजी रंग बघून निघून गेले. विभाग राहिला, चौधरीही राहिले.

मला फार वाईट वाटलं. म्हटलं, "अहो, मायचं काय? तेही घालायचं होतंत त्यात."

"घातलं होतं की," ते म्हणाले. "मग कसंही चालवलं तरी 'हलवा' असंच यायचं. म्हणून काढलं."

मग त्यांनी माझ्यासमोरच गावाला फोन लावला. "नाही गं माय, यंदाही नाही जमलं," ते म्हणाले. "मी पुष्कळ सांगून पाहिलं. साहेबच ऐकत नाहीत."